विमान खाली, आपण वर

पहिल्या खेपेला मी आठ तास बसले आणि एकही विमान आलं नाही.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. वेल्समधल्या ज्या उतारावर मी बसले होते, त्याला विमानं बघायला येणारी मंडळी 'कॅड ईस्ट' म्हणतात. सकाळी सातला वर पोचले तेव्हा समोरची डोंगरधार स्वच्छ दिसत होती. नऊ वाजेपर्यंत ढग खाली उतरला आणि दरीचं तोंड बुजवून बसला. खालच्या रस्त्यावरचे ट्रक नुसते ऐकू येत होते. दरीत ढग असला की जेट येत नाही, हे मी वाचलं होतं. पण रजा टाकलेली, रात्रीतून पाच तास गाडी चालवलेली. ढग सरकेल या आशेवर तीन वाजेपर्यंत तिथेच राहिले. मोजे पिळून पाणी निघेल इतकी भिजले होते.

उतरताना मात्र परत यायचं हे नक्की होतं. मला विमानाची पाठ बघायची होती.

आपण सगळे विमान खालून बघतो. त्याचं पोट दिसतं, पंखांची खालची बाजू दिसते. आत माणूस आहे हे माहीत असतं, पण तो दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका छायाचित्रात मी पहिल्यांदा उडतं लढाऊ विमान वरून पाहिलं, तेही जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने टिपलेलं. मागे आकाश नव्हतंच. गवत होतं, दगडी बांध होते, एक मेंढीही होती. काचेखाली एकामागे एक दोन हेल्मेटं होती आणि त्यांतलं पुढचं वळणाच्या बाजूला वळलेलं होतं. त्या वळलेल्या मानेने मला धरून ठेवलं. इतक्या वेगात, इतक्या खाली तो माणूस कुठे बघत असेल?

हे जिथे दिसतं त्या जागेला 'मॅक लूप' म्हणतात. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजतात त्या मापालाही 'मॅक' म्हणतात, त्यामुळे नावाचं ध्वनीच्या वेगाशी काही नातं असेल असं वाटतं, पण तसं नाही. दक्षिणेकडच्या मखन्‌ल्हेथ या गावाच्या नावाचा तो तुकडा आहे. १४०४ साली वेल्सचा बंडखोर राजपुत्र ओवाइन ग्लिनडूर याने आपली संसद भरवली ते हेच गाव. उत्तरेला डॉल्गेल्हाय आणि दक्षिणेला मखन्‌ल्हेथ यांच्यामधल्या दऱ्या एकमेकींना जोडल्या की एक वेडंवाकडं कडं तयार होतं. विमानं त्या कड्यातून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे मुख्य वळणं डावीकडची. ध्वनीच्या वेगाच्या वर इथे कुणी जात नाही. नियम तसा आहे, आणि दरीही तेवढी रुंद नाही.

ब्रिटनमध्ये सैनिकी विमानांना जवळजवळ देशभर जमिनीलगत उडायची मुभा आहे. त्यासाठी देशाचे क्रमांकित भाग पाडलेत आणि वेल्सचा बराचसा मुलूख सातव्या भागात येतो. जेटसाठी नेहमीची मर्यादा २५० फूट, म्हणजे साधारण ७६ मीटर. ते अंतर नुसतं खालच्या जमिनीपासून धरत नाहीत. बाजूचा कडा, झाड, तार, माणूस, सगळ्यांपासून तेवढं राखायचं असतं. मध्य वेल्स, इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा आणि उत्तर स्कॉटलंड अशा तीन पट्ट्यांत ठरावीक वेळी १०० फुटांपर्यंत उतरता येतं आणि त्याचं वेळापत्रक सरकार आधी जाहीर करतं. शनिवार-रविवारी जेटचं असं उड्डाण सहसा होत नाही. त्यामुळे नोकरी करणाऱ्याला रजेशिवाय हा नाद परवडत नाही.

हिवाळाभर मी तयारी केली. तयारी म्हणजे मुख्यतः पॅनिंग: विषयाबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं आणि फिरता फिरताच शटर दाबायचं. आधी रस्त्यावरच्या मोटरसायकली घेतल्या, मग समुद्रपक्षी. पक्षी जास्त शिकवतात, कारण ते कुठे वळणार हे सांगत नाहीत. पाय रोवून उभं राहायचं, कोपर अंगाला लावायचं आणि कंबरेपासून वळायचं. हात वळवला की चित्र हललंच. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा मंद ठेवायचं नाही, हेही ठरवून घेतलं. सवय झाली की मंद करता येतं. मग मागचा डोंगर पुसट रेघांसारखा होतो आणि विमान तेवढं स्थिर राहतं. पण ते पुढचं.

एप्रिलमध्ये दोन दिवसांची रजा काढून परत गेले. कादेर इद्रिसच्या माथ्यावर निळं आकाश होतं. ८९३ मीटर उंचीचा तो डोंगर या भागातल्या थोरल्यांपैकी एक. 'कॅड' हे त्याच्याच नावाचं लघुरूप. रस्त्याकडेला गाडी लावली, फाटक उघडून परत नीट लावलं आणि चढायला लागले. चढण लांब नाही, पण छातीवर येते. मेंढ्यांची वाट, मध्येच ओलं शेवाळ, मग दगड. वर पाच-सहा जण आधीच होते. बहुतेकांकडे हातभर लांब लेन्स होत्या. एका बाईंकडे मात्र कॅमेराच नव्हता. साठीच्या पुढच्या असाव्यात. गुडघ्यावर दुर्बीण, हातात वही, वहीच्या कण्यात खोचलेली पेन्सिल.

"पहिल्यांदाच आलात?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही."

"मग आज जमिनीकडे बघा," त्या म्हणाल्या. "सगळे आकाशाकडे बघतात. ती आकाशातून येत नाहीत."

मी मान हलवली, पण मला ते कळलं नव्हतं. पुढचा तासभर मी समोरच्या खिंडीवरच्या निळ्या पट्टीकडेच बघत होते. सव्वादहाला कुणीतरी ओरडलं. मी वळले तोवर काहीतरी काळं माझ्या खालून, पायांच्याही खालून, डावीकडे निघून गेलं होतं. मग आवाज आला. नेहमी ऐकू येतो तसा दूरवरून वाढत जाणारा तो नव्हता, एकदम सगळ्या बाजूंनी कोसळलेला होता. छातीच्या फासळ्यांत जाणवला. कॅमेऱ्यात तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत गवत होतं.

आवाजाचं कोडं मी नंतर सोडवलं. जेटचा मोठा आवाज मागे फेकला जातो, त्यात मध्ये डोंगर, आणि विमान स्वतः ध्वनीच्या वेगाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून समोरून येणारं जेट डोळ्यांना दिसत असतं तेव्हा बहुतेक वेळ मुकं असतं. कानावर विसंबून राहिलेल्या माणसाला फक्त शेपटी दिसते. काहींच्या खिशात वैमानिकांचं बोलणं पकडणारे रेडिओ असतात. पण आपल्यासाठी नसलेलं प्रक्षेपण ऐकणं ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून मी तो विचार सोडून दिला. मोबाइलवरच्या नकाशांवरही ही जेटं बहुतेकदा दिसत नाहीत. उरतात ते डोळे.

म्हणून मी बाईंजवळ जाऊन बसले आणि त्या जिथे बघत होत्या तिथे बघायला लागले. खिंडीच्या खालच्या अंगाला, तपकिरी उतारावर. "तिथे काही हललं की समजायचं," त्या म्हणाल्या. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: एक गेलं की कॅमेरा खाली ठेवायचा नाही, कारण ती बरेचदा जोडीने येतात. पहिल्याचा फोटो बघण्यात मान खाली घातलेल्या माणसाचं दुसरं हमखास चुकतं.

अकरा वाजून गेल्यावर उतारावर एक ठिपका हलला. काळाच होता. ब्रिटिश वायुदलाची प्रशिक्षण विमानं मुद्दाम चकचकीत काळी रंगवतात. पार्श्वभूमी काहीही असली तरी काळा रंग सर्वांत लवकर नजरेत भरतो म्हणून. ठिपक्याला पंख फुटले, एक पंख जमिनीकडे कलला आणि मला विमानाची पाठ दिसली. पाठीवरून ऊन सरकलं. हॉक टी-२. अँगलसी बेटावरच्या व्हॅली या तळावरून आलेलं. तिथून इथवर सहा-सात मिनिटांचं उड्डाण. आत दोन हेल्मेटं. मी शटर दाबलं की नाही हे मला आठवत नाही, पण नंतर बघितलं तर सोळा चौकटी होत्या. दोनच बऱ्या, त्यातही नाक कापलेलं.

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली: वेळ, प्रकार, मागच्या भागावरचा क्रमांक. या ताफ्याचे क्रमांक झेडके ०१० पासून झेडके ०३७ पर्यंत आहेत, हे त्यांना तोंडपाठ होतं. हेच स्पॉटिंगचं, म्हणजे विमानं बघायच्या नादाचं, जुनं रूप. क्रमांक टिपायचा, पूर्वी दिसला होता का ते ताडून बघायचं. पानं उलटत त्यांनी मला जुन्या नोंदी दाखवल्या. जॅग्वार, २००७ साली सेवेतून गेलं. हॅरियर, २०१० च्या अखेरीस. टॉर्नेडो, २०१९. प्रत्येक प्रकारच्या शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीने एक आडवी रेघ होती. "ही शेवटची होती हे तेव्हा माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "रेघ नंतर मारावी लागते."

या निरुपद्रवी वहीमुळे माणसं तुरुंगातही गेलीत. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे हवाई दलाच्या तळावर विमानं बघणाऱ्या चौदा जणांना पकडलं. बारा ब्रिटिश, दोन डच. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना हेरगिरीसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली, सहा जणांना साहाय्य केल्याबद्दल एक वर्षाची. त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात सगळे निर्दोष सुटले. बाई हे सांगताना चिडल्या नाहीत. दुसऱ्याच्या देशात आपली वही कशी दिसते हे आपण आधी विचारावं, एवढंच त्या म्हणाल्या. मला ते पटलं. जगातल्या पुष्कळ देशांत असा कॅमेरा काढायचा विचारही करू नये.

जागा सुरक्षित आहे असं समजून बसणंही बरोबर नाही. कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीच्या हद्दीत रेनबो कॅन्यन नावाची अशीच एक घळ आहे. ३१ जुलै २०१९ रोजी अमेरिकी नौदलाचं सुपर हॉर्नेट हे लढाऊ विमान तिथल्या कड्यावर आदळलं. वैमानिक गेला, बघायला आलेले सात जण जखमी झाले. त्यानंतर तिथली उंचीची मर्यादा वाढवून १,५०० फूट केली आणि घळीच्या आतलं उड्डाण थांबलं. कॅड ईस्टवर बसून हे आठवलं की पोटात खड्डा पडतो. समोरून येणाऱ्याचा अंदाज चुकला, तर तो चुकेल ती जागा आपल्याच शेजारची असते.

मग एवढी जोखीम घेतात कशाला? हा प्रश्न मी घरूनच घेऊन आले होते. रडारचे किरण जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंचीवरच्या रडारला दहा किलोमीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही नजरेच्या रेषेत असतं. तेच विमान ७६ मीटरवर उतरलं, तर अगदी सपाट जमिनीवरही पन्नास किलोमीटरच्या आत येईपर्यंत ते क्षितिजाखाली राहतं. मध्ये डोंगर असले तर त्याहूनही जवळ येईपर्यंत. शीतयुद्धाच्या काळात ब्रिटिश वायुदलाने सगळी भिस्त यावर ठेवली. १९९१ च्या आखाती युद्धात टॉर्नेडो इराकी धावपट्ट्यांवरून अशीच जमिनीलगत गेली, त्यात विमानं आणि माणसं गमावली, आणि थोड्याच दिवसांत दल मध्यम उंचीवर गेलं. पुढची बरीच वर्षं खालचं उड्डाण ही जुनी विद्या वाटत राहिली. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंची विमानं आघाडीजवळ झाडांच्या शेंड्यांना लागून उडताना जगाने पाहिली, तेव्हा ती विद्या जुनी राहिली नाही.

मला ही विमानं सुंदर वाटतात आणि ती शस्त्रं आहेत, हे दोन्ही मी एकाच वेळी मनात ठेवते. एकाने दुसरं खोडून निघत नाही.

दुपारी अमेरिकी जोडी आली. इंग्लंडच्या सफोकमधल्या लेकनहीथ तळावरची एफ-१५ई लढाऊ विमानं. हॉकनंतर ते बघणं म्हणजे टेबलाएवढ्या वस्तूनंतर घर उडताना बघणं. पहिलं आमच्या समोर आलं तेव्हा त्याने पंख जवळजवळ उभा केला आणि पंखावर पांढरी वाफ भरून आली. दाबून वळताना वरची हवा विरळ होते, थंड होते, तिच्यातला ओलावा दिसायला लागतो. ती वाफ क्षणभर राहिली आणि पुसली गेली. मी कॅमेरा खाली घेतला नाही. दहा-बारा सेकंदांनी दुसरं आलं, पहिल्यापेक्षा खालून. मागच्या आसनावरच्या माणसाने हात वर केला. आमच्यासाठी असावा. आम्ही सगळ्यांनी हात हलवले, तोवर तो ताल-अ-ल्हिनच्या तलावापलीकडे पोचलाही होता.

संध्याकाळी खाली उतरले तर फाटकापाशी एक शेतकरी उभा होता. कोकरं जन्मायचा हंगाम होता आणि त्याच्या गाडीच्या मागच्या भागात दोन कोकरं गवतावर निजली होती. मी विचारलं, "तुमच्या मेंढ्यांना त्रास होत नाही का?"

"मेंढ्या मानही वर करत नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्या आयाही इथेच जन्मल्या. नात मात्र दचकते. सहा महिन्यांची आहे. दुपारी तिला झोपवायला तास लागतो आणि उठवायला एक विमान."

मी काही बोलले नाही. दिवसभर ज्या आवाजासाठी मी कान लावून होते, तोच तिथे एका बाळाच्या झोपेवर पडत होता. सैन्याच्या उड्डाणांबद्दल तक्रार नोंदवायची सोय आहे, हे त्याला माहीत होतं. आपण कधी केली नाही, म्हणाला. "फाटक लावता का नीट?" एवढं त्याने विचारलं. मी लावते, असं सांगितलं. त्याने मान डोलावली. काही जण लावत नाहीत आणि मेंढ्या रस्त्यावर येतात. त्याचा राग त्याला विमानांपेक्षा जास्त होता. तेव्हापासून मी दुसऱ्याने उघडं टाकलेलं फाटकही लावूनच पुढे जाते.

दुसऱ्या दिवशी वारा होता. कॉरिसच्या वळणावर, लूपमधल्या दुसऱ्या एका जागी, जाऊन बघायचं मनात होतं, पण बाई परत कॅड ईस्टवर येणार होत्या, म्हणून मीही तिथेच गेले. सकाळ रिकामी गेली. एक मोठं वाहतूक विमान आलं, सावकाश, दरी भरून टाकत, आणि गेलं. जेवणानंतर एक वाजता एकटं हॉक आलं.

मला तोवर थोडं वाचता यायला लागलं होतं. हे वळणावर उशिरा कललं. विद्यार्थी वैमानिक जमिनीलगत उडताना बहुधा ४२० नॉटचा, म्हणजे तासाला ४२० सागरी मैलांचा, वेग धरतात, कारण त्यात मिनिटाला बरोबर सात सागरी मैल होतात आणि डोक्यात हिशेब करता येतो. सेकंदाला साधारण २१६ मीटर. या वेगाला पंख साठ अंश कलवून सपाट वळण घेतलं, तर शरीरावर दुप्पट वजन येतं आणि वळणाची त्रिज्या होते पावणेतीन किलोमीटर. दरी एवढी जागा देत नाही. पंच्याहत्तर अंशांच्या पुढे कललं तर वजन चौपट होतं आणि त्रिज्या सव्वा किलोमीटरवर येते. म्हणजे वळण सुरू करायला सेकंदभर उशीर झाला, तर दोनशे मीटर गेले, आणि ते दोनशे मीटर समोरच्या डोंगराच्या दिशेने गेले. हॉक रुंद वळलं, पलीकडच्या उतारावर सरकलं, आणि नाक वर करून थोडं उंच निघून गेलं.

"शिकतोय," बाई म्हणाल्या. "किंवा शिकतेय." पुढे विद्यार्थी, मागे शिक्षक. मागच्याने काय सांगितलं असेल याचा मी अंदाज करत राहिले. फार काही नसेल. त्या वेगात लांब वाक्याला वेळ नसतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "परत येईल."

लूपची एक फेरी व्हायला थोडीच मिनिटं लागतात. मी उभी राहिले, पाय रोवले, कोपर अंगाला लावलं. शटर मुद्दाम थोडं मंद केलं. खिंडीखालचा तपकिरी उतार बघत राहिले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

ठिपका हलला. या वेळी तो उताराला जास्त लागून होता. खिंडीच्या तोंडाशीच पंख खाली गेला, मला वाटलं त्याच्या आधीच गेला, आणि सगळं विमान दरीच्या आकारात बसल्यासारखं वळलं. अजून आवाज नव्हता. पाठ दिसली, काच दिसली. पुढचं हेल्मेट नाकाच्या दिशेला नव्हतं. डावीकडे वर, वळण जिथे संपणार होतं त्या जागेकडे वळलेलं होतं. जिथे जायचंय तिथे बघत होतं ते. मागचं हेल्मेट सरळ होतं, स्थिर.

मग आवाज आला आणि सगळं गेलं.

चौकटींतली एक मला हवी तशी आली. डोंगर रेघांचा झालाय, पंखाचं टोक पुसट आहे, पण काच नीट आहे आणि मान वळलेली आहे. मी ती बाईंना पडद्यावर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, फोटोकडे कमी आणि शेपटाजवळच्या क्रमांकाकडे जास्त, आणि आपल्या वहीतली ओळ पुन्हा एकदा तपासली. आधी तीनचा आकडा लिहिला होता, तो खोडून त्यांनी आठ केला. मग वहीचं एक कोरं पान फाडून पेन्सिलीसकट माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं: १३:०९, हॉक टी-२, दुसरी फेरी.